अरगलय २०२२: श्रीलंकेच्या उठावाबद्दल मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर-परळच्या वाचनगटांत, कॉलेजांत आणि कामगार शिबिरांत श्रीलंकेचा विषय निघाला की पुढचेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे एका जागी असावीत म्हणून हे पान. शेवटचे काही प्रश्न मुंबईत सभा किंवा धरणे आयोजित करणाऱ्यांचे आहेत.

‘अरगलय’ म्हणजे काय?

सिंहली भाषेत ‘संघर्ष’. ‘गोटागोगम’ हा दुसरा शब्द तुम्ही ऐकला असेल. राष्ट्राध्यक्ष गोटाबाय राजपक्ष यांना उद्देशून ‘गोटा गो होम’ ही घोषणा होती. ‘गम’ म्हणजे गाव, आपल्या ‘ग्राम’चाच भाऊबंद. ‘होम’च्या जागी ‘गम’ आले आणि कोलंबोच्या समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानातल्या छावणीला नाव मिळाले.

श्रीलंका खरेच गरीब देश होता का?

आकड्यांत नव्हता. दरडोई उत्पन्न भारतापेक्षा बरेच जास्त, साक्षरता नव्वद टक्क्यांच्या वर, सरकारी दवाखान्यांत मोफत उपचार. म्हणून तर ही घसरण नीट समजून घ्यावी लागते. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये सुमारे १३ टक्के लोक दारिद्र्यात होते, २०२२ मध्ये सुमारे २५ टक्के. एका वर्षात दुप्पट. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई ७० टक्क्यांच्या घरात होती, खाद्यपदार्थांची त्याहून जास्त.

पैसा गेला कुठे? भ्रष्टाचारात की चुकीच्या निर्णयांत?

दोन्हींत, आणि ही दोन कारणे वेगळी काढता येत नाहीत. गोटाबाय राष्ट्राध्यक्ष, थोरले बंधू महिंद पंतप्रधान, बासिल अर्थमंत्री, चमल पाटबंधारे मंत्री, महिंदांचे चिरंजीव नमल क्रीडामंत्री. एकाच घरातली माणसे टेबलाच्या चारी बाजूंना बसली की ‘हे चुकतेय’ म्हणणारा कोणी उरत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाय ५२ टक्के मतांनी निवडून आल्यावर पहिला मोठा निर्णय झाला करकपातीचा. मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आला. कर कोणाला लागू होणार, ती उलाढालीची मर्यादा वर्षाला १.२ कोटी श्रीलंकन रुपयांवरून ३० कोटींवर गेली. हजारो व्यवसाय कराच्या जाळ्यातून सुटले. २०२१ मध्ये सरकारचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९ टक्क्यांच्याही खाली होते. इतक्या तुटपुंज्या कमाईत कोणतेच सरकार कर्ज फेडू शकत नाही.

मग कोविडमुळे पर्यटन बंद पडले. २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनी ते आधीच खिळखिळे झाले होते. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर रातोरात बंदी आली. सेंद्रिय शेतीचे कारण सांगितले, पण खताच्या आयातीचे डॉलर वाचवायचे होते हे उघड होते. भात आणि चहा दोन्ही खाली आले. नोव्हेंबरमध्ये बंदी बरीचशी मागे घेतली, पण पेरणीचा हंगाम हातचा गेला होता. डॉलर वाचवायला केलेल्या उपायाने तांदूळ आयात करण्यासाठी डॉलर खर्च करायला लावले.

२०१९ च्या अखेरीस परकीय गंगाजळी सुमारे ७.६ अब्ज डॉलर होती. मे २०२२ मध्ये वापरता येण्याजोगे डॉलर ५ कोटींच्याही खाली आल्याचे सरकारनेच सांगितले. १२ एप्रिल २०२२ ला देशाने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले. स्वातंत्र्यानंतर प्रथमच.

चीनच्या कर्जाने देश बुडवला, असे सगळे म्हणतात.

अर्धे खरे. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले, मत्तल विमानतळावर फारशी विमाने उतरत नव्हती, हे खरे. पण परकीय कर्जातला सर्वांत मोठा तुकडा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या डॉलर-रोख्यांचा होता. त्यांचे व्याज जास्त, मुदत कमी, आणि वाटाघाटीला समोर एक सावकार नसून जगभर विखुरलेले गुंतवणूकदार. जानेवारी २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा सुरू असताना सरकारने ५० कोटी डॉलरचा एक रोखा फेडला. आमच्या मते त्या काळातला हा सर्वांत निर्दय निर्णय.

उठाव नेमका कुठे सुरू झाला?

स्वयंपाकघरात. २०२१ च्या शेवटी घरगुती गॅसच्या मिश्रणातले प्रोपेनचे प्रमाण बदलले आणि शेगड्यांचे स्फोट होऊ लागले. मग सिलिंडरच मिळेना. मिळाला तर २०२२ च्या एप्रिलनंतर साडेबारा किलोला सुमारे पाच हजार श्रीलंकन रुपये. रॉकेल आणि पेट्रोलच्या रांगांत म्हातारी माणसे उभ्या उभ्या दगावली. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. मार्चअखेर दिवसाला तेरा तास वीज जात होती.

मुंबईला हे परके वाटू नये. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या बायकाही तेल, साखर, रॉकेलच्या प्रश्नावरच बाहेर पडल्या होत्या.

३१ मार्चच्या रात्री मिरिहान भागात गोटाबाय यांच्या खासगी घराबाहेर हजारो लोक जमले. बस पेटली, अश्रुधूर झाला, धरपकड झाली. दुसऱ्या दिवशी आणीबाणी, मग संचारबंदी, ३ एप्रिलला समाजमाध्यमे बंद. त्याच रात्री मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. अटक झालेल्यांसाठी शेकडो वकील फी न घेता पोलीस ठाण्यावर आणि कोर्टात उभे राहिले. भीती त्या रात्री मोडली, असे आम्ही मानतो.

गॉल फेसच का निवडले?

नकाशा बघा. सुमारे पाच हेक्टरचे मोकळे मैदान, म्हणजे शिवाजी पार्कच्या निम्म्याहून कमी. एका बाजूला समुद्र, टोकाला राष्ट्राध्यक्षांचे सचिवालय, भोवती मोठी हॉटेले. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यालाच मंत्रालय चिकटलेले असते तर कसे दिसले असते, तसे. सत्तेच्या दारात, पण लोकांच्या रोजच्या फिरायच्या जागेत. तिथे लाठी चालली तर ती सगळ्यांना दिसते. ९ एप्रिलला लोक जमले आणि पाऊस येऊनही उठले नाहीत.

छावणी तीन महिने टिकली कशी?

कामे वाटून. स्वयंपाकाचा तंबू, प्रथमोपचार, कायदेशीर मदत, वाचनालय, लोकविद्यापीठाची व्याख्याने, सिनेमाचा तंबू, फोन चार्ज करायची सोय. पैसे कमी आणि वस्तू जास्त यायच्या: पाण्याचे बॉक्स, तांदूळ, ताडपत्र्या. हे महत्त्वाचे आहे, कारण रोख रकमेवरून फूट पडते. तांदळाच्या पोत्यावरून सहसा पडत नाही.

असे काही चालवायचे तर गणित काय, हे नेहमी विचारतात. खालचे आकडे गॉल फेसचे नव्हेत, मोठ्या स्वयंपाकाचा आणि छावणीचा सर्वसाधारण हिशेब आहे.

हजार माणसांच्या एका वेळच्या खिचडीला तांदूळ ८० किलो, मूगडाळ ४० किलो, तेल ५ लिटर, मीठ चार-साडेचार किलो. गॅस म्हणून १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर आणि एक राखीव. सगळे एका पातेल्यात कधीच करू नका. तळ लागला की पूर्ण घाणा गेला. चार-पाच पातेली ठेवून वीस मिनिटांच्या अंतराने चढवा, म्हणजे रांगही हलती राहते. डाळभात करायचा तर डाळ दुपारच्या उन्हात चार तासांत आंबते. खिचडीही शिजल्यापासून दोन-तीन तासांत वाढून संपवावी.

प्यायचे पाणी उन्हात माणशी किमान तीन लिटर. हजार जणांना रोज २० लिटरचे १५० जार. संडास पन्नास माणसांमागे एक, आणि बायकांसाठी त्याहून जास्त, उजेडात, मैदानाच्या कोपऱ्यात न ढकललेले. छावण्या पोलिसांच्या लाठीपेक्षा जुलाबाने लवकर मोडतात. हात धुवायचे पिंप संडासाजवळ एक आणि वाढपाजवळ एक असे दोन ठिकाणी हवे. एकच ठेवतात आणि तिथेच चूक होते.

रात्रपाळीचे स्वयंसेवक सहा तासांनी बदला. न झोपलेला स्वयंसेवक भांडणे लावतो.

नेता नव्हता, हे बळ की दुबळेपण?

सुरुवातीला बळ. पक्षाचे झेंडे आणायचे नाहीत हा नियम बराच काळ पाळला गेला, त्यामुळे काल राजपक्षांना मत दिलेला माणूसही लाज न वाटता येऊ शकला. एकाला उचलले म्हणून आंदोलन थांबत नव्हते. पण नेता नसणे आणि संघटना नसणे यात फरक आहे. विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटना, कामगार संघटना, भिक्खू, पाद्री, वकील, कलावंत असे तयार गट मागे होते. २८ एप्रिलचा संप आणि ६ मेचा हरताळ कामगार संघटनांनी केला, तंबूतल्या तरुणांनी नव्हे.

हे संप एकेका दिवसाचे होते हेही बघा. ज्यांच्या घरी गिरणी कामगार होते त्यांना १८ जानेवारी १९८२ आठवेल. तो संप कधी औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या चुली त्याने विझवल्या. किती दिवस आणि कशावर थांबायचे, हे आधी ठरवलेला छोटा संप सरकारला जास्त जड जातो.

तमिळ आणि मुस्लिम लोक सामील होते का?

होते, पण त्यांच्या मनात खोल शंका होती, आणि ती रास्त होती. उत्तरेतल्या तमिळांनी २००९ मध्ये यादवी युद्धाचा शेवट याच गोटाबायांच्या हाताखाली पाहिला होता, तेव्हा ते संरक्षण सचिव होते. तेव्हा दक्षिणेत फटाके वाजले होते. कोविडमध्ये मुस्लिमांचे मृतदेह फेब्रुवारी २०२१ पर्यंत सक्तीने जाळले गेले.

गॉल फेसवर रमजानचे इफ्तार झाले. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी सरकारने गाळलेले राष्ट्रगीताचे तमिळ रूप तिथे गायले गेले. १८ मे २०२२ ला, जिथे ते युद्ध संपले त्या मुळ्ळिवाय्क्कालच्या मृतांचे स्मरण झाले आणि कांजी वाटली गेली. युद्धाच्या अखेरीस वेढ्यात अडकलेल्या माणसांनी जी पेज पिऊन दिवस काढले, तीच ही. कोलंबोच्या मध्यावर सिंहली तरुणांनी ती ओंजळीत घेणे ही छोटी गोष्ट नव्हती. त्याने तेरा वर्षांचा हिशेब मिटला, असे मात्र कोणी म्हणू नये.

९ मे रोजी काय बिघडले?

पंतप्रधानांच्या निवासस्थानी, टेंपल ट्रीजमध्ये, समर्थकांची सभा झाली. तिथून निघालेल्या जमावाने दारातले धरणे आणि मग गॉल फेसचे तंबू लाठ्याकाठ्यांनी मोडले. पोलिसांनी वेळेत अडवले नाही. संध्याकाळपर्यंत महिंदांनी राजीनामा दिला. आणि मग देशभर सूड सुरू झाला. सत्ताधारी खासदारांची घरे जळाली, निट्टंबुवात खासदार अमरकीर्ती अतुकोरल मारले गेले. त्या दिवसांत नऊच्या आसपास माणसे गेली.

याचे उदात्तीकरण आम्ही करत नाही. छावणीने महिनाभर कमावलेली नैतिक जागा त्या रात्रीने कमी केली, आणि ‘हे दंगेखोर आहेत’ म्हणायला पुढच्या सरकारला कायमचे निमित्त दिले.

९ जुलैला लाखो लोक कोलंबोत पोचले कसे? पेट्रोल तर नव्हते.

जूनअखेर सरकारने अत्यावश्यक सेवा सोडून इंधनविक्रीच थांबवली होती. लोक सायकलने, ट्रकच्या हौद्यात उभे राहून, चालत आले. काही स्थानकांवर लोकांनी गाड्या सोडायला लावल्या. आदल्या रात्री पोलिसांनी संचारबंदी लावली, वकील संघटनेने ती बेकायदा असल्याचे जाहीर केले आणि सकाळी ती उठली. एका जाहीर पत्रकाने लाखभर माणसांची वाट मोकळी केली. वकील आंदोलनात पहिल्या दिवसापासून का हवेत, याचे उत्तर यात आहे.

दुपारी राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आणि सचिवालय लोकांच्या ताब्यात होते, नंतर टेंपल ट्रीजही. निवासस्थानात सापडलेले सुमारे १ कोटी ७८ लाख रुपये आंदोलकांनी मोजून पोलिसांच्या हवाली केले. रात्री महिंदांनंतर पंतप्रधान झालेले रनिल विक्रमसिंघे यांचे खासगी घर जाळले गेले, त्यात त्यांचा ग्रंथसंग्रहही गेला.

राष्ट्राध्यक्ष पळाले, मग रनिल कसे काय बसले?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि सगळ्यात सावकाश वाचावा असे उत्तर हेच.

रनिल यांच्या पक्षाची संसदेत एकच जागा होती. १२ मे रोजी गोटाबायांनी त्यांना पंतप्रधान केले. १३ जुलैच्या पहाटे गोटाबाय हवाई दलाच्या विमानाने मालदीवला गेले, तिथून सिंगापूरला. जाताना त्यांनी राज्यघटनेच्या कलम ३७(१) खाली पंतप्रधानांना हंगामी कारभार दिला. राजीनामा ई-मेलने सभापतींकडे आला, १५ जुलैला स्वीकारला गेला. पुढे कलम ४०: मुदतीच्या मध्येच पद रिकामे झाले तर उरलेल्या काळासाठी संसद गुप्त मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडते. जनता नव्हे, संसद. आणि संसद २०२० मध्ये निवडून आलेली होती, २२५ पैकी १४५ जागा राजपक्षांच्या पक्षाकडे.

२० जुलैला रनिल यांना १३४ मते पडली, डलस अलहप्पेरुम यांना ८२, अनुर कुमार दिसानायके यांना ३. दोन दिवसांनी, २२ जुलैच्या पहाटे, सैन्याने गॉल फेसवर छापा घातला. आंदोलक जागा सोडण्याची तयारी आधीच सांगून बसले होते, तरीही.

रस्त्यावरच्या गर्दीने माणूस हलवला. त्याच्या जागी कोण, हे त्या गर्दीला विचारले जाणार नव्हते, आणि हे घटनेत आधीपासून लिहिलेले होते. १३ जुलैपूर्वी ‘संसद विसर्जन आणि ठरावीक तारखेला निवडणूक’ या एका मागणीवर सगळे गट एकत्र आले असते, तर निदान भाव करायला हातात काही असते. आराखडे निघाले, पण उशिरा आणि वेगवेगळे.

मग उठाव फसला म्हणायचा का?

आम्ही म्हणत नाही. १४ नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गोटाबाय, महिंद, बासिल आणि इतर काहींना आर्थिक अरिष्टाबद्दल जबाबदार धरले, जनतेच्या विश्वासाचा भंग केल्याचे म्हटले. शिक्षा नाही, प्रत्येक अर्जदाराला दीड लाख रुपये खर्चापोटी. पण कागदावर नाव आले. २१ सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत ज्यांना संसदेत तीन मते पडली होती ते दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले, ४२ टक्क्यांच्या थोडे वर मते घेऊन, दुसऱ्या पसंतीची मोजणी होऊन. त्यांच्या आघाडीकडे २०२० मध्ये तीन खासदार होते, नोव्हेंबर २०२४ मध्ये १५९ झाले. मधली दोन वर्षे गावोगावी सभा घेण्यात गेली. नाणेनिधीच्या सुमारे तीन अब्ज डॉलरच्या कर्जाच्या अटी मात्र नव्या सरकारलाही पाळाव्या लागल्या.

भारताने काय केले?

२०२२ मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरची मदत: इंधन, अन्न आणि औषधांसाठी उधारी, चलन अदलाबदल, हप्ते लांबवणे.

अश्रुधुरात काय करावे?

वाऱ्याच्या उलट दिशेला, उंचवट्याकडे सरका. हा धूर हवेपेक्षा जड असतो, सखल जागी साचतो. डोळे चोळू नका. डोके एका बाजूला वाकवून नाकाकडून कानाकडे स्वच्छ पाण्याची धार सोडा, दहा मिनिटे. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊच नका. टूथपेस्ट, तेल, क्रीम चेहऱ्याला लावायचा सल्ला फिरतो, तो चुकीचा: तेलकट थरात कण अडकतात. नळकांड्याला हात लावू नका, ते तापलेले असते. दम्याच्या माणसांना मागे ठेवा. श्वास लागला तर दवाखाना, थांबून बघणे नको.

मुंबईत या विषयावर सभा किंवा धरणे करायचे तर?

बंदिस्त सभागृहात व्याख्यान सोपे. उघड्यावर धरणे मात्र आझाद मैदानाच्या राखीव भागात. लेखी अर्ज आझाद मैदान पोलीस ठाण्यात, शक्य तितके आधी, आणि पोच घेतलेली प्रत जवळ ठेवा. अर्जात तारीख, वेळ, अपेक्षित संख्या, मंडपाचा आकार, दोन जबाबदार व्यक्तींची नावे लिहा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. संख्या कमी सांगायचा मोह टाळा. ऑगस्ट २०२५ च्या मराठा आरक्षण आंदोलनाला पाच हजार माणसे आणि ठरावीक वेळ अशा अटी होत्या, संख्या कितीतरी वाढली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

घटनेच्या कलम १९(१)(ख) ने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क आहे. पण ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीन बागच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही. निघण्याआधी जमावबंदीचा आदेश लागू आहे का तेही बघा. पूर्वीचे कलम १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे, शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ वेगळे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून सोमय्या मैदानातून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. सकाळी मुंबईकर पाणी, बिस्किटे आणि चपला घेऊन उभे होते. शहराला आपल्या बाजूला कसे घ्यावे, याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

कोणाला ताब्यात घेतले तर?

वकिलाचा नंबर मनगटावर पेनाने लिहा, फोन काढून घेतला जातो. अटकेचे कारण विचारा, नातेवाइकाला कळवण्याचा आग्रह धरा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. अपवादात्मक परिस्थिती सोडता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाहेर थांबलेल्यांनी एक यादी करावी: नाव, वय, कुठून उचलले, किती वाजता, कोणत्या ठाण्यात. ही यादी एकाच व्यक्तीकडे असावी आणि दर तासाला ताजी व्हावी.

वाचनगटात हा विषय दोन तासांत कसा घ्यावा?

राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातल्या जलतरण तलावात उड्या मारणाऱ्या पोरांच्या फोटोने सुरुवात करू नका, पुढचे दोन तास चर्चा तिथेच अडकते. वीस चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक घटना: करकपात, खतबंदी, गॅसचे स्फोट, मिरिहान, कांजी, ९ मे, कलम ४०, १३४ मते. तारखा लिहू नका. चार-चार जणांच्या गटांना क्रम लावायला सांगा आणि प्रत्येक जोडीमध्ये ‘म्हणून’ घालता येतो का ते विचारा. अर्धा तास पुरतो. बहुतेक गट ९ जुलैला थांबतात. तेव्हा कलम ४० ची चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवा आणि पुढचा तास तिला द्या.